अल्ट्रालाइट स्पिनिंग रॉडचं हँडल किती लांब हवं? नवख्यांसाठी मार्गदर्शन

पहिला अल्ट्रालाइट, म्हणजे मासे गरवायचा अगदी हलका, रॉड घेताना आपण सगळे तेच आकडे बघतो: एकूण लांबी, पॉवर (रॉड वाकवायला किती जोर लागतो), किती ग्रॅमचं ल्युअर (नकली आमिष) चालेल, किती पौंडांची लाइन (गळाची दोरी). हँडलकडे नजर गेलीच तर ते कॉर्कचं आहे की ईव्हीएचं (मऊ फोमचं), एवढ्यापुरतीच. पण अल्ट्रालाइटच्या गरवण्यात फेकण्यापासून मासा हाताशी आणण्यापर्यंतचं काम एकाच हातावर असतं, त्यातही मनगटावर. हँडल गरजेपेक्षा चार इंच लांब असेल तर मनगट दर फेकीला अडखळतं. चार इंच आखूड असेल तर तासाभरात तळवा आणि अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. दोष मात्र आपण रॉडला नाहीतर आपल्या कौशल्याला देतो.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे. अल्ट्रालाइट म्हणजे मी इथे साधारण ५ ते ७ फुटी स्पिनिंग रॉड धरतो आहे: अर्धा ते ७ ग्रॅमची ल्युअर, २ ते ६ पौंडांची लाइन आणि ५०० ते २००० साइझचं छोटं रील. अगदी आखूड आणि अगदी लांब, दोन्ही प्रकारची हँडलं वापरल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: हँडलची लांबी स्वतःच्या हाताच्या मापावरून आणि फेकण्याच्या पद्धतीवरून ठरवावी, रॉडच्या लांबीचा विचार त्यानंतर. त्याच क्रमाने पुढे जाऊ.

लागणारी साधनं

- मोजपट्टी, शक्यतो शिंप्याची मऊ टेप
- ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा
- कागदी चिकटपट्टी आणि पेन्सिल
- अंगठ्याएवढ्या जाडीची, फूटभर लांब लाकडी दांडी
- थोडी नाणी किंवा शिशाची छोटी वजनं
- तुमचं स्वतःचं रील, लाइन भरलेलं
- ज्या कपड्यांत गरवायला जाता तेच कपडे, लाइफ जॅकेट वापरत असाल तर तेही

शेवटची वस्तू अनेकांना अनावश्यक वाटेल. ती का लागते ते सातव्या पायरीत येईल.

१. कोणतं माप घ्यायचं ते आधी ठरवा

‘हँडलची लांबी’ हा शब्द सगळे एकाच अर्थाने वापरत नाहीत. कुठे बुडाच्या टोपीपासून पुढच्या ग्रिपच्या टोकापर्यंतचं पूर्ण माप दिलेलं असतं, कुठे बुडापासून रील सीटच्या, म्हणजे रील बसवायच्या खाचेच्या, मध्यापर्यंतचं. एकाच रॉडसाठी या दोन मापांत दहा सेंटिमीटरहून जास्त फरक पडू शकतो. त्यामुळे दोन कंपन्यांच्या कॅटलॉगमधले आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

आपल्या कामाचं माप एकच. रॉडवर रील बसवा. रीलचा जो उभा दांडा सीटपासून खाली जातो, त्याच्या मध्यापासून हँडलच्या बुडापर्यंत मोजा. आपली बोटं त्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणजे हाताची जागा तिथेच पक्की होते. त्याच्या मागे किती हँडल उरतं, हाच खरा प्रश्न आहे. या लेखात मी ‘मागचं माप’ म्हणेन ते हेच.

स्प्लिट ग्रिप, म्हणजे मधला भाग उघडा ठेवून फक्त बुडाशी कॉर्कचा गोळा असलेलं हँडल, दिसायला आखूड वाटतं. ते तसं असेलच असं नाही. मोजा. मधला कॉर्क काढल्याने वजन थोडं कमी होतं, लांबी तेवढीच राहते.

२. स्वतःचा हात मोजा

नेहमीच्या पकडीत रॉड धरा. बहुतेक जण रीलच्या दांड्याच्या पुढे दोन बोटं आणि मागे दोन बोटं ठेवतात. काही जण पुढे एकच किंवा तीन ठेवतात, तेही चालतं. आता तीन अंतरं मोजून कागदावर लिहा:

- रीलच्या दांड्यापासून मनगटाच्या घडीपर्यंत. मोठ्या माणसाच्या हातात हे साधारण ८ ते १० सेंमी भरतं.
- दांड्यापासून मनगट आणि कोपर यांच्या मध्यापर्यंत. साधारण २० ते २३ सेंमी.
- दांड्यापासून कोपरापर्यंत. साधारण ३२ ते ३६ सेंमी.

या तीन खुणांमुळे तीन पट्टे तयार होतात. मागचं माप १२ ते १५ सेंमीच्या आत असेल तर हँडल मनगटाच्या जरासं पलीकडे जाऊन संपतं आणि मनगट सगळीकडे मोकळं फिरतं. १६ ते २३ सेंमी असेल तर बुड हाताच्या पुढच्या भागाला, मनगट आणि कोपर यांच्यामध्ये, खालून टेकतं. २८ सेंमीच्या पुढे गेलं की ते कोपरापाशी पोहोचतं आणि कपड्यांना, अंगाला लागायला सुरुवात होते. मधली २४ ते २७ सेंमीची जागा कुणाला चालते, कुणाला नाही, ते हाताच्या लांबीवर अवलंबून आहे.

मुलांसाठी रॉड घेत असाल तर ही पायरी वगळूच नका. मोठ्यांना अगदी बेताचं वाटणारं हँडल दहा वर्षांच्या मुलाच्या कोपरावर आपटतं.

३. फेकताना हँडल काय करतं ते समजून घ्या

हँडल हाताखालून मागे जातं. रॉडचा शेंडा वर गेला की बुड हातापासून खाली, लांब जातं. शेंडा खाली आला की बुड वर येऊन हाताला टेकतं. पुढचं सगळं या एका हालचालीतून समजतं, म्हणून रॉड हातात घेऊन एकदा सावकाश करून बघा.

एका हाताने डोक्यावरून फेकताना शेंडा मागे जातो तेव्हा बुड पुढे सुटतं. मग मनगटाने झटका देऊन आपण रॉड थांबवतो, आणि त्याच क्षणी बुड उलटं येऊन हाताला लागतं. मागचं माप १५ सेंमीपर्यंत असेल तर हा धक्का जाणवत नाही. २० सेंमीच्या आसपास तो हलका टेकू असतो. मला तो आवडतो, कारण रॉड दरवेळी त्याच कोनात थांबतो आणि ल्युअर कुठे पडेल याचा अंदाज येतो. पण २६-२८ सेंमीचं हँडल आणि टोपीची कड टोकदार, असं असेल तर संध्याकाळी हातावर त्या टोपीच्या काठाएवढा लालसर अर्धगोल उमटलेला दिसतो. तो दिसला की समजा, हँडल तुमच्या हातासाठी लांब आहे किंवा तुम्ही मनगटाऐवजी पूर्ण हात वापरायला हवा.

बाजूने, विशेषतः उलट्या हाताने फेकताना फरक आणखी वाढतो. झाडाच्या फांद्या डोक्यावर आल्या की हीच फेक कामाला येते, आणि तेव्हा बुड पोटासमोरून फिरतं. लांब हँडल पोटाला किंवा दुसऱ्या हाताला अडतं आणि फेक अर्ध्यावर मरते. धनुष्यासारखा रॉड वाकवून, ल्युअर बोटांत धरून सोडायची फेक असते, तिथेही आखूड हँडल सोयीचं, कारण रॉड अंगाजवळ घ्यावा लागतो.

आता दोन्ही हातांनी फेकायची गोष्ट. लांब हँडलचा मोठा फायदा म्हणून हाच सांगितला जातो: वरचा हात ढकलतो, खालचा बुड ओढतो, आणि दोन हातांतलं अंतर जितकं जास्त तितका जोर जास्त. जड रॉडसाठी हे शंभर टक्के खरं आहे. अल्ट्रालाइटमध्ये याचा उपयोग मर्यादित आहे, कारण २ ग्रॅमच्या ल्युअरला फार जोर घेताच येत नाही. ते हलकं असल्याने हवेत लवकर मंदावतं, मागे लाइनचं ओझं असतं. अंतर वाढवायचं असेल तर लाइन बारीक करा, स्पूल (रीलवरची लाइन गुंडाळायची चकरी) नीट काठापर्यंत भरा, ल्युअर ग्रॅमभर जड घ्या. हँडल लांब करून मिळणारा फायदा यांच्या मानाने किरकोळ आहे. ५ ते ७ ग्रॅमची ल्युअर आणि साडेसात-आठ फुटी रॉड असेल तर मात्र खालच्या हाताला धरायला जागा हवीच. तिथे २५ सेंमीच्या पुढचं हँडल मलाही बरं वाटतं.

इथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. रॉडची एकूण लांबी बुडापासून मोजतात. सहा फुटी रॉड म्हणजे १८३ सेंमी. मागचं माप १८ सेंमी असेल तर हातापुढे १६५ सेंमी रॉड उरतो, २८ असेल तर १५५. दोन्ही कागदावर ‘सहा फुटी’ असले तरी एकाचा शेंडा हातापासून १० सेंमी जास्त लांब फिरतो. म्हणून दोन रॉडची तुलना करताना हातापुढची लांबी काढून बघा.

४. तोल: हलका रॉडही जड का वाटतो

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत.

रॉड हातात ‘शेंड्याकडे जड’ वाटतो तो वजनामुळे कमी आणि ते वजन हातापासून किती लांब आहे यामुळे जास्त. एक उदाहरण घेऊ. रॉड ९० ग्रॅमचा, सहा फुटी. रील न लावता एका बोटावर तोलला तर बुडापासून ६० सेंमीवर समतोल राहतो. मागचं माप २० सेंमी. म्हणजे रॉडचं सगळं वजन हातापासून ४० सेंमी पुढे आहे असं धरता येतं, आणि हाताला सांभाळावा लागणारा भार ९० गुणिले ४०, म्हणजे ३६०० ग्रॅम-सेंमी.

आता त्याच रॉडवर रील सीट ८ सेंमी पुढे बसवली आहे असं समजा. मागचं माप २८ झालं, रॉडचं वजन हातापासून ३२ सेंमीवर आलं, भार २८८०. सीट सरकल्याने समतोलाच्या बिंदूत होणारा किरकोळ फरक सोडला तर सरळ २० टक्के घट. ब्लँक (रॉडची मूळ दांडी) तोच, वजन तेच, पण रॉड हातात हलका वाटतो. लांब हँडलचा रॉड ‘छान तोललेला’ वाटतो त्याचं कारण हे आहे, आणि त्याची किंमत म्हणून हातापुढचा रॉड ८ सेंमी कमी झालेला असतो.

आता रील. ‘रॉड पुढे जड वाटतोय, जरा वजनदार रील लाव’ हा सल्ला तुम्हाला मिळेलच. तो घेऊ नका. रीलचं वजन जवळपास हाताखालीच लटकतं, त्यामुळे शेंड्याकडच्या भाराला तोलायला ते फारसं उपयोगी पडत नाही. १८० ग्रॅमच्या जागी २५० ग्रॅमचं रील लावलं तर पूर्ण सेट बोटावर तोलताना समतोल बिंदू हाताच्या जवळ आलेला दिसतो, आणि माणूस फसतो. वरच्या हिशोबातले ३६०० तसेच राहतात, वर ७० ग्रॅम दिवसभर उचलायचे ते वेगळेच. अल्ट्रालाइटला रील हलकंच घ्या.

भार खरोखर कमी करायचा असेल तर वजन बुडाशी लावावं लागतं. २० ग्रॅम वजन २० सेंमी मागे लावलं तर ४०० ग्रॅम-सेंमी वजा होतात, म्हणजे ३६०० पैकी नववा हिस्सा. २८ सेंमीवर लावलं तर ५६०, म्हणजे २८८० पैकी जवळपास पाचवा हिस्सा. आखूड हँडलच्या बुडाला वजन लावून फारसं हाती लागत नाही. उलट १३ सेंमीच्या हँडलचा रॉड लांब असेल तर तो तोलायला इतकं वजन घालावं लागतं की हलका रॉड घेण्याचा अर्थच राहत नाही. अतिआखूड हँडल पाच-साडेपाच फुटी रॉडलाच शोभतं ते यामुळे.

एवढं सगळं झाल्यावरही एक दिलासा आहे. हँडल हाताला टेकत असेल तर शेंड्याकडचा भार बोटांना एकट्याने पेलावा लागत नाही. ३६०० चा भार फक्त तळव्यात, म्हणजे पहिलं बोट आणि तळव्याची टाच यांच्यातल्या ८ सेंमीत पेलायचा तर ४५० ग्रॅमचा दाब येतो. तोच भार २० सेंमी मागे हाताच्या मऊ भागावर टेकला तर १८० ग्रॅम. रॉड आडवा धरून सावकाश रील फिरवत राहायचं असेल, तर हा फरक दिवस मावळेपर्यंत जाणवत राहतो.

५. ल्युअर कसं खेळवता त्यावरून कौल घ्या

स्पिनर, छोटा चमचा किंवा लहान क्रँकबेट (ओढताना थरथरणारं, माशासारखं ल्युअर) फेकून एका लयीत ओढायचं असेल तर रॉड जवळजवळ स्थिर असतो. मधलं, हाताला टेकणारं हँडल इथे उत्तम. टेकलेल्या जागीही चमच्याची थरथर जाणवते, म्हणजे बोटांबरोबर हाताची कातडीही खबर देते.

छोट्या जर्कबेटला शेंडा खाली ठेवून झटके द्यायचे असतील तर गणित उलटं होतं. शेंडा खाली गेला की बुड वर येतं, हे तिसऱ्या पायरीत बघितलं. म्हणजे प्रत्येक झटक्याला हँडल हातावर ठोकणार. अनुभवी लोक बुड हाताच्या बाहेरच्या बाजूला वळवून यातून वाट काढतात, पण मुळात १५-१७ सेंमीचं हँडल असेल तर ही कसरत लागतच नाही. ग्रॅमभर वजनाच्या जिगहेडवर (वजनदार डोक्याच्या गळावर) रबरी अळी लावून, शेंडा वर ठेवून टिचक्या देणाऱ्यांनाही आखूडच हँडल सुखाचं. जपानमध्ये आजी नावाच्या माशासाठी जे आजिंग रॉड बनवतात, ते पाच-सहा फुटांचे आणि आखूड हँडलचे असतात ते याच कामासाठी. तिकडचे मेबारू माशासाठीचे रॉड जरा लांब असतात, ल्युअर दूरवर फेकून सावकाश ओढायचं असतं, आणि त्यांचं हँडलही लांब मिळतं. हे दोन प्रकार शेजारी ठेवले की कामाप्रमाणे हँडल कसं बदलतं ते चटकन समजतं.

६. मासा लागल्यावर

इथे लांब हँडलची बाजू खरोखर भक्कम आहे. चार पौंडांची लाइन म्हणजे साधारण १.८ किलोंचा ताण सोसणारी. ड्रॅग, म्हणजे किती ताणाला रीलमधून लाइन सुटू लागेल ती मर्यादा, त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवतात, म्हणजे ४५० ते ६०० ग्रॅम. ५०० धरू. रॉड वाकल्यावर ताणाची रेषा हातापासून मीटरभर अंतरावर आहे असं समजलं तर हातावर ५०,००० ग्रॅम-सेंमीचा भार येतो. रॉड नुसता धरताना होता त्याच्या जवळपास चौदापट! तळव्याच्या ८ सेंमीत हा पेलायचा तर सहा किलोंहून जास्त दाब. हँडल १८ सेंमी मागे हाताखाली टेकत असेल तर पावणेतीन किलोंच्या आसपास. मासा शेंडा खाली ओढतो तेव्हा बुड आपोआप वर येऊन हाताला भिडतं, वेगळं काही करावं लागत नाही.

तळहाताएवढे मासे असतील तर हा हिशोब विसरा, आखूड हँडल पुरतं. पण बारीक लाइनवर किलोभराचे किंवा त्याहून मोठे, दम असलेले मासे लागण्याची शक्यता असेल आणि झुंज लांबणार असेल, तर मागचं माप १७ सेंमीच्या खाली नेऊ नका. शिवाय शेवटी एका हाताने रॉड उंच करून दुसऱ्या हाताने जाळं पुढे करायचं असतं, तेव्हा हाताखाली घट्ट बसणारं हँडल सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

७. कुठे उभे राहून गरवता

थोडक्यात. झाडीझुडपांतल्या ओढ्याकाठी आखूड. पाण्यात कमरेपर्यंत उतरून गरवत असाल तरी आखूडच, नाहीतर बुड पाण्यात बुडतं आणि लाइन त्याला अडकते. कयाकमध्ये बसून गरवताना मांडी, वल्हं आणि लाइफ जॅकेटचे पट्टे सगळं हँडलच्या वाटेत येतं. म्हणून साधनांच्या यादीत जॅकेट होतं: ते घालूनच रॉड हातात घेऊन बघा. घट्ट बाहीच्या शर्टात अंगासरशी बसणारं हँडल जाड जॅकेटच्या बाहीत अडकतं.

कयाकवरच्या किंवा बोटीवरच्या नळीसारख्या होल्डरमध्ये रॉड ठेवायचा असेल तर मात्र फार आखूड हँडल नीट बसत नाही, रील नळीच्या काठावर टेकतं. होल्डरची खोली मोजून घ्या.

मोकळ्या काठावरून, धक्क्यावरून लांब फेकायचं असेल तर हँडल लांब चालेल.

८. रॉडच्या लांबीशी जुळवणी

आता रॉडची लांबी विचारात घ्या. खालचे आकडे माझ्या पसंतीचे आहेत, मध्यम उंचीच्या मोठ्या माणसासाठी. तुमच्या दुसऱ्या पायरीतल्या मापांप्रमाणे दोन-तीन सेंमी इकडेतिकडे करा.

- साडेचार ते साडेपाच फूट: मागचं माप १२ ते १६ सेंमी
- साडेपाच ते साडेसहा फूट: १६ ते २१ सेंमी
- साडेसहा ते सात फूट: १९ ते २४ सेंमी
- साडेसात फूट आणि पुढे: २४ ते ३० सेंमी

पहिलाच रॉड असेल आणि नक्की कसं गरवणार हे ठरलेलं नसेल तर सहा ते साडेसहा फूट, मागचं माप १८ ते २०. बहुतेक कामं निभतात.

९. घेण्याआधीची चाचणी

दुकानात रॉड उचलून हवेत हलवून बघणं म्हणजे चाचणी नव्हे. रीलशिवाय हाताची जागाच चुकते. स्वतःचं रील न्या, बसवा, लाइन गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांमधून) ओवून शेंड्याला ल्युअरएवढं वजन लावा. मग एवढं करा:

- डोळे मिटून रॉड आडवा धरा, दोन मिनिटं. पहिला ताण कुठे येतो? अंगठ्याच्या मुळाशी आला तर मागचं माप कमी पडतंय.
- शेंडा खाली धरून मनगटाने वीसेक झटके द्या. बुड हाताला ठोकत असेल तर हँडल लांब आहे, किंवा तुम्हाला पकड बदलावी लागेल.
- उलट्या हाताची फेक हळूहळू करून बघा. बुड पोटाला लागतं का?
- कुणाला तरी लाइनचं टोक धरून हळू ओढायला सांगा. बुड हाताला कुठे टेकतं त्या जागी पेन्सिलने खूण करा. हाडावर टेकत असेल तर नको, मांसल भागावर टेकलं तर उत्तम.

घरी आधीच रॉड असेल तर लाकडी दांडी कामाला येते. आखूड हँडलला मागून दांडी चिकटपट्टीने घट्ट बांधा आणि ५-५ सेंमी पुढे-मागे सरकवत हीच चाचणी करा. दांडीच्या टोकाला नाणी बांधून तोलही बघता येतो. लांबी सापडली की लिहून ठेवा.

दुसरा मार्ग आहे टेनेसी हँडल. यात रील सीटच नसते. सलग कॉर्कच्या हँडलवर रील चिकटपट्टीने गुंडाळून किंवा सरकत्या कड्यांनी बसवतात. रील पुढे-मागे सरकवून आपली जागा शोधता येते, म्हणून स्वतःची आवड अजून कळलेली नाही अशा माणसाला मी हा प्रकार मनापासून सुचवतो. कॉर्क दबला की कडी सैल होतात, ती अधूनमधून तपासायची. चिकटपट्टी जास्त खात्रीची, फक्त दरवेळी काढत बसता येत नाही.

१०. असलेलं हँडल बदलायचं असेल तर

आधी बुडाला तात्पुरतं वजन लावणं, टोपीवर मऊ रबरी आवरण चढवणं, पकडीत एक बोट पुढे-मागे करणं हे करून बघा. पकड बदलली की मागचं माप दोन-अडीच सेंमीने बदलल्यासारखं वाटतं, आणि कित्येकदा तेवढंच हवं असतं.

तरीही कापायचं ठरलं तर लक्षात घ्या: कापलेलं परत जोडणं कठीण, वॉरंटी संपते, आणि बुडाचं वजन गेल्याने रॉड शेंड्याकडे आणखी जड होतो. म्हणून एका वेळी २ सेंमीच कापा, वापरून बघा, मग पुढचे २.

टोपी हेअर ड्रायरने सावकाश गरम करा, आतला गोंद मऊ झाला की फिरवून काढा. कापायच्या जागी चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या, म्हणजे ब्लँकचे तंतू उसवत नाहीत. बारीक दातांच्या करवतीने, दाब न देता कापा. कार्बनची भुकटी फुप्फुसांना आणि कातडीला वाईट, त्यामुळे तोंडावर मास्क आणि हातात मोजे हवेतच. काम घराबाहेर करा. स्प्लिट ग्रिप असेल तर मागचा गोळा काढून पुढे सरकवावा लागतो, आणि तो न फाटता निघेलच असं नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने ते रॉड बनवणाऱ्या कारागिराकडे द्यावं.

लांबी वाढवायची असेल तर ब्लँकच्या पोकळीत अचूक बसणारी कार्बनची नळी किंवा कडक लाकडाची दांडी निदान ६ सेंमी आत जाईल अशी घ्या. बाहेर उरलेल्या भागावर कॉर्कच्या चकत्या ओवा. जोडाला सावकाश वाळणारा दोन भागांचा इपॉक्सी वापरा, पाच मिनिटांचा नको. तो ठिसूळ पडतो, आणि मासा लागल्यावर बुडावर किती दाब येतो ते सहाव्या पायरीत आपण बघितलंच आहे. रॉड सरळ उभा ठेवून चोवीस तास वाळू द्या, मग रील बसवून नवव्या पायरीतली लाइन ओढायची चाचणी पुन्हा करा. जोडातून बारीकसा करकर आवाज आला तर तो रॉड पाण्यावर नेऊ नका, जोड उघडून परत चिकटवा.